स्वरयंत्र काढल्यानंतर घरी काय बिघडतं, कसं ओळखायचं, काय करायचं

माझं शिलाईचं काम. नागपूरच्या हनुमाननगरात घरीच मशीन आहे, ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवते. माझे मिस्टर कळमना मार्केटात संत्र्याच्या लिलावात बोली पुकारायचे. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र पूर्ण काढलं. तुकडा तपासायला दिल्यापासून ऑपरेशनपर्यंत महिनाही गेला नाही आणि त्या महिन्यात जो भेटला तो एकच बोलला, आता आवाज जाणार. आवाज गेला, त्याचं दुःख मोठं आहे. पण घरी आल्यावर आम्हाला रात्री-बेरात्री उठवलं ते श्वासाने, गिळण्याने, एकदा रक्ताने. त्याबद्दल आम्हाला आधी कोणी बसवून सांगितलं नव्हतं. ज्यांच्या घरी हे ऑपरेशन झालंय किंवा होणार आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषधाचा डोस, छिद्रातल्या नळीचा नंबर, बोलण्याच्या व्हॉल्वचं माप हे सगळं तुमच्या डॉक्टरांचंच. पण कशाला घाबरायचं, कशाला नाही आणि कशासाठी रात्री दोन वाजता निघायचं, एवढं घरच्या माणसाला कळलंच पाहिजे.

आधी श्वासाचा रस्ता समजून घ्या

स्वरयंत्र पूर्ण काढतात तेव्हा श्वासनळी वर घशाला जोडलेली राहत नाही. तिचं वरचं तोंड मानेच्या खालच्या भागात, कातडीला शिवून टाकतात. तेच ते छिद्र, दवाखान्यात स्टोमा म्हणतात. ते कायमचं असतं. नाक-तोंडाचा आणि फुप्फुसांचा संबंध संपला. जेवण तोंडातून अन्ननळीत जातं, श्वास मानेतून आत-बाहेर होतो, दोन्ही रस्ते वेगळे. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात काही दिवसांसाठी नळी बसवलेली असते, ती गोष्ट वेगळी. त्या माणसाचा वरचा रस्ता अजून जागेवर असतो. आपल्या माणसाचा नसतो. हा फरक दवाखान्यातल्या लोकांनाही कधी कधी सांगावा लागतो, त्यावर पुढे लिहिते.

नाक काय करतं, ते मला ह्यांचं नाक रिकामं झाल्यावर कळलं. नाक हवा गरम करतं, ओली करतं, धूळ गाळतं आणि वास सांगतं. ही चारही कामं आता घराने करायची. पुढचं जे जे सांगते, ते बरंचसं याच एका गोष्टीतून निघतं.

पहिले पंधरा दिवस : लाळ कुठून गळते आहे का

स्वरयंत्र काढल्यावर घशाची पिशवी शिवून बंद करतात. ती शिवण आतून उलली, तर लाळ बाहेर कातडीकडे वाट काढते. डॉक्टर याला फिस्टुला म्हणतात. बहुतेक वेळा हे पहिल्या एक-दोन आठवड्यांत होतं. ज्यांना ऑपरेशनच्या आधीच शेक, म्हणजे रेडिएशन, दिलेले असतात, ज्यांना शुगर आहे किंवा ज्यांचं अंग उपासमारीने आधीच खंगलेलं आहे, त्यांना धोका जास्त.

मी शिवण बघायची सवय असलेली बाई, म्हणून मला लवकर दिसलं. आठव्या दिवशी टाक्यांची डावी बाजू लाल आणि तंग झाली होती, जशी गच्च ब्लाउजची शिवण उलायच्या आधी ताणते. संध्याकाळी ताप आला. ड्रेसिंगवर ओलं होतं, पण पू वाटेना, तार येत होती. आणि वास आला, शिळ्या तोंडाचा. मी सिस्टरला बोलावून आणलं. तीच लाळ होती.

अशा वेळी करायचं एकच, तोंडातून काहीही द्यायचं नाही. एक घोट पाणीसुद्धा नाही, तीर्थाचा थेंबही नाही. सासूबाईंचा जीव तुटत होता, त्या म्हणायच्या, "लेकरू तहानेलं आहे, ओठ तरी ओले करू द्या." ओठ ओले करा, कापूस फिरवा, पण गिळू देऊ नका, आणि लाळसुद्धा जमेल तेवढी थुंकू द्या. ह्यांचं नाकातल्या नळीवरचं जेवण आणखी तीन आठवडे वाढलं, रोज ड्रेसिंग झालं आणि छिद्र आपोआप भरलं. बरेच फिस्टुला असेच भरतात. काहींना छातीचा स्नायू फिरवून तिथे ठिगळ लावावं लागतं. तोंडाने खाणं कधी सुरू करायचं, हे डॉक्टर औषध पाजून काढलेल्या एक्स-रेवरून किंवा तपासून ठरवतात. घरच्यांच्या मायेने ते ठरवायचं नाही.

नाकातली नळी घरी असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्रत्येक वेळी भरवण्याआधी नाकपुडीजवळची खूण बघा, ती सरकली तर नाही ना. आणि नळी निघून आली, तर घरी परत घालू नका, कुणी हुशार कंपाउंडर म्हणाला तरी. आतली शिवण ताजी असते, नळीच्या टोकाने ती फाटू शकते. भरवताना बसवून भरवायचं, नंतरही तासभर तसंच टेकून बसवायचं. डाळीचं पाणी, नाचणीची पेज, दूध, सगळं मलमलच्या फडक्यातून गाळून, शेवटी साधं पाणी सोडून नळी धुवायची. नळी तुंबली की ताण नळीलाही आणि माणसालाही.

रक्त

मानेत मोठी धमनी शिवणीच्या शेजारूनच जाते. शेक झालेल्या आणि फिस्टुला असलेल्या माणसाच्या त्या धमनीची भिंत कच्ची पडू शकते. हे क्वचित होतं, पण होतं तेव्हा मिनिटांचा खेळ असतो. मोठा रक्तस्राव होण्याआधी पुष्कळदा एक छोटा स्राव होऊन आपोआप थांबतो. लोक म्हणतात, थांबलं ना, मग उद्या दाखवू. उद्या नाही. ताजं, लालभडक रक्त चमचाभर जरी मानेच्या जखमेतून, छिद्रातून किंवा तोंडातून आलं, तर ते थांबलं असलं तरी त्याच तासाला निघायचं. वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी घेऊन जिथून येतं तिथे घट्ट दाबून धरा, हात उचलून बघत बसू नका, छिद्र मात्र मोकळं ठेवा. माणसाला पुढे झुकवा, नाहीतर कुशीवर घ्या म्हणजे रक्त छिद्रात उतरणार नाही. दुसऱ्या माणसाने १०८ लावायचा.

आमच्याकडे जे रक्त आलं ते या जातीचं नव्हतं. कफात गुलाबी रेघा, टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके. ते कोरड्या हवेने आतली कातडी तडकल्यामुळे असतं, थंडीत आणि उन्हाळ्यात जास्त. ओलावा वाढवला की दोन-तीन दिवसांत थांबतं. थांबलं नाही, किंवा रेघेची गुठळी झाली, तर दाखवा.

खपली : नागपूरच्या उन्हाळ्यात सगळ्यात मोठी शत्रू

मे २०१९. ह्यांचे तीस शेक फेब्रुवारीत संपले होते, वजन दोन किलो वाढलं होतं, आम्हाला वाटलं निभावलं. नागपुरात त्या दिवसांत पारा पंचेचाळीसच्या वर असतो, हवा भट्टीसारखी कोरडी. लाइट गेली, कूलर बंद पडला. रात्री अडीचच्या सुमारास मला टाळीने जाग आली. आमचं ठरलं होतं, एक टाळी म्हणजे इकडे ये, सलग टाळ्या म्हणजे धावत ये. सलग टाळ्या होत्या. श्वास घेताना मानेतून बारीक शिट्टी वाजत होती, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. पाटीवर लिहिलं होतं, "हवा नाही भेटून राहिली."

टॉर्च मारला. छिद्राच्या आत, बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर, तपकिरी खपली आडवी बसली होती, वाळलेल्या डिंकासारखी. एका बाजूला फट होती, तिच्यातून शिट्टी येत होती.

तेव्हा मी जे केलं आणि नंतर सिस्टरने जे नीट शिकवलं, ते एकत्र करून सांगते. माणसाला सरळ बसवा. छिद्र उघडं राहावं म्हणून त्यात नळी घातलेली असेल तर आधी ती काढा, कारण पुष्कळदा नळीच तुंबलेली असते. मग सुई नसलेल्या सिरिंजमध्ये दवाखान्याचं नॉर्मल सलाईन घ्या, साधारण तीन मिली, आणि माणूस श्वास आत घेत असताना छिद्रात सोडा. खोकला येईल, जोराचा येईल, येऊ द्या. खोकताना कफ उडतो, समोर कापड धरा, पण छिद्रावर दाबू नका. दोन-चार श्वास जाऊ द्या, पुन्हा सलाईन. खपली मऊ होऊन कडेने सुटते. जी डोळ्यांना स्पष्ट दिसते आणि बाहेरच्या बाजूला सुटलेली आहे, तेवढीच बोथट, वाकड्या चिमट्याने अलगद धरून काढा. आत चिमटा घालून उकरू नका, कापसाची काडी तर मुळीच नको, कापूस आत सुटला तर नवीन संकट. ह्यांची तिसऱ्या वेळी निघाली. चिंचोक्याएवढी होती, वर गुळगुळीत आणि खालून रक्ताने लाल. ती कागदात बांधून मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखवायला नेली.

पाच मिनिटांत सुटली नाही, ओठ-नखं निळी पडू लागली, माणूस गळून पडला किंवा उगाच भांबावल्यासारखा वागू लागला, तर सलाईन घालत घालतच गाडीत बसा.

पण ती रात्र येऊच नये यासाठी काय करायचं, ते जास्त महत्त्वाचं. दिवसातून तीन-चार वेळा नेब्युलायझरने साध्या सलाईनची वाफ, मास्क तोंडावर लावायचा नाही, मानेवर. सकाळी उठल्यावर आणि झोपण्याआधी टॉर्च आणि आरसा घेऊन छिद्र बघायचं, दात घासण्यासारखं, न चुकता. डॉक्टरांनी हृदयासाठी किंवा किडनीसाठी पाणी मोजून दिलं नसेल, तर भरपूर पाणी. कफ पातळ, पांढरा असला की समजा ओलावा पुरतो आहे. कफ चिकट झाला, तार तुटेना, पिवळा झाला, तर ओलावा वाढवा. हिरवा झाला, वास आला, सोबत ताप आला, तर ती न्यूमोनियाची चाहूल, दवाखाना. सलाईन मेडिकलमधूनच आणा. घरी मीठ-पाणी उकळून करायचा उद्योग नको. उघडलेली बाटली फार दिवस वापरू नका, छोटी पॅकिंग घ्या.

कूलरबद्दल लोक मला नेहमी विचारतात. कूलरची ओली हवा आम्हाला एसीपेक्षा मानवली. एसी हवा कोरडी करतो. पण कूलरचं तोंड सरळ माणसाकडे ठेवायचं नाही, टाकीतलं पाणी रोज बदलायचं, आणि मागच्या वर्षीचा गवताचा पत्रा तसाच वापरायचा नाही. त्यात बुरशी आणि माती असते, गाळायला नाक नाही, थेट फुप्फुसात जातं.

छिद्रावर घालायची एक छोटी गाळणी मिळते, एचएमई म्हणतात. बाहेर जाणाऱ्या श्वासाची ऊब आणि ओलावा ती धरून ठेवते आणि आत येणाऱ्या श्वासाला देते. परवडत असेल तर ती जरूर घ्या, काही लोकांना डॉक्टर पहिल्या आठवड्यातच लावायला देतात. रोज बदलावी लागते, धुऊन पुन्हा वापरायची नसते. म्हणूनच ती आम्हाला रोजची झेपली नाही आणि मी कापडावर आले.

मानेचं कापड, मोजमापासकट

इतवारीतून शुद्ध सुती मलमल आणा. सिंथेटिक मिसळलेली नको, ती ओलावा धरत नाही. आधी दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढून टाका. सात इंच रुंद, आठ इंच लांब असे दोन तुकडे, एकावर एक. चारही कडा आत दुमडून दोनदा टीप मारा. एकही दोरा सुटा राहता कामा नये, श्वासाच्या ओढीने दोरा आत जातो. वरच्या कडेला तिरप्या पट्टीची नाडी, गाठ मानेच्या मागे. पुढच्या बाजूला बटण, हूक, टिकली, लेस काही नाही. एकदा हौसेने एका बाईने आपल्या नवऱ्यासाठी मण्यांची किनार लावलेली मी पाहिली, तिथल्या तिथे कात्रीने कापून दिली. कापड छिद्राच्या दोन बोटं वरून सुरू व्हावं आणि खाली सैल लोंबावं, चिकटून बसू नये. रंग पांढरा किंवा फिका, म्हणजे रक्त आणि कफाचा रंग लगेच दिसतो. अशी निदान दहा शिवा, दिवसाला तीन लागतात, वाळायला वेळ द्यायचा.

भर उन्हाळ्यात मी एक कापड ओलं करून घट्ट पिळते आणि तेच बांधते. पाणी टपकता कामा नये आणि छिद्राला चिकटता कामा नये, चिकटलं तर श्वासच अडतो. सुकलं की पुन्हा. रात्री झोपेत मात्र ओलं नको.

शर्टाचीही एक युक्ती आहे. वरून दुसरं बटण काजाच्या वरच शिवून टाकायचं. बाहेरून शर्ट लावलेला दिसतो, आतून तिथे फट राहते, खोकला आला की रुमालासकट हात पटकन आत जातो. हे एवढं केल्यावर ह्यांनी पहिल्यांदा लग्नाला यायला होकार दिला.

छिद्र लहान होणं

जखम भरताना आकसते, म्हणून काही जणांचं छिद्र महिन्यांमागून बारीक होत जातं. रोज बघणाऱ्याला हे कळत नाही. कळतं ते असं की नळी घालायला आधीपेक्षा जोर लागतो, जिना चढताना शिट्टी वाजते, कफ बाहेर यायला त्रास होतो. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच अंतरावरून मोबाइलवर एक फोटो काढते, शेजारी शिवणाची टेप धरून. डॉक्टरांना सहा महिन्यांचे फोटो एका ओळीत दाखवले तेव्हा बोलणं दोन मिनिटांत संपलं आणि नळी रात्री घालायची ठरली. नळीचं माप स्वतः बदलू नका. आणि छिद्राच्या कडेला नवीन गाठ, कडक उंचवटा किंवा न भरणारा घाव दिसला, तर वाट बघू नका. आजार तिथेच परत येऊ शकतो. पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी तपासणी असते ती यासाठीच, बरं वाटतंय म्हणून चुकवू नका.

गिळणं आणि बोलण्याचा व्हॉल्व

पूर्वी अर्ध्या तासात जेवणारा माणूस आता तास घेतो, हे धरूनच चाला. घास ओला, छोटा, सोबत पाण्याचा घोट. सावजीचा रस्सा ह्यांचा जीव की प्राण, पण शेक झालेल्या घशाला तिखट सोसत नाही आणि वर आंबट पाणी येतं. जेवल्यावर लगेच वाकायचं नाही, आडवं व्हायचं नाही. आधी पोळी जात होती, आता फक्त भात जातो, मग फक्त पेज, असा उतार दिसला तर घसा आतून आवळतो आहे असं समजा. ते दुर्बिणीतून रुंद करता येतं. पण ते आवळणं आहे की पुन्हा आजार, हे आधी तपासायला हवं. वजन दर आठवड्याला लिहून ठेवा.

श्वासनळी आणि अन्ननळीच्या मधल्या भिंतीत छोटा व्हॉल्व बसवतात, छिद्रावर अंगठा ठेवला की फुप्फुसातली हवा त्यातून घशात जाते आणि आवाज उमटतो. अमेरिकेतल्या ब्लॉम आणि सिंगर या दोघांनी १९८० मध्ये ही पद्धत आणली. आपल्याकडे बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी गरिबांना परवडावा म्हणून स्वस्तातला 'ओम' व्हॉल्व तयार केला. ह्यांना व्हॉल्व बसल्यावर पहिला शब्द निघाला तो माझं नाव. आवाज जाड, खरखरीत आणि ह्यांचाच.

व्हॉल्व कायमचा नसतो, बहुतेकांना काही महिन्यांनी बदलावा लागतो. त्यावर बुरशी धरते, मग तो नीट मिटत नाही. लक्षण एकच, पाणी-चहा पिताना खोकला. असं झालं की आम्ही एक घोट दूध देतो आणि टॉर्चने व्हॉल्वकडे बघतो. पांढरा थेंब व्हॉल्वच्या मधून आला, तर आधी ब्रशने साफ करून पुन्हा बघा. तरीही येत असेल तर व्हॉल्व बदलायचा झाला. थेंब व्हॉल्वच्या कडेने आला, तर भोक सैल झालं आहे, ते डॉक्टरांनीच बघायचं. तोवर पातळ पिणं बंद, घट्ट पेज, दही चालेल. गळतं पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो, म्हणून "थोडंसंच गळतं" असं म्हणत महिना काढू नका.

व्हॉल्व निघून पडला तर दोन कामं लगेच. पहिलं, तो सापडला का. सापडला नाही तर तो श्वासनळीत गेला असू शकतो, सरळ दवाखान्यात, छातीचा एक्स-रे. दुसरं, ते भोक काही तासांत आकसायला लागतं. दवाखान्यातून मिळालेली लाल रबरी नळी असेल आणि घालायला शिकवलं असेल, तर ती घालून मानेला चिकटपट्टीने पक्की करा आणि निघा.

सुस्ती आली तर मन आधी दोषी धरू नका

दीड वर्षाने हे दिवसभर झोपायला लागले. उत्तर द्यायचा कंटाळा, पोट साफ नाही, चेहरा सुजल्यासारखा. भर मे महिन्यात पंखा बंद करा म्हणून खूण करायचे. मी समजले, आवाजाचं दुःख आता बाहेर येतं आहे. देवळात नेलं, भाऊजींना बोलावून गप्पा मारायला बसवलं. तीन महिने गेले. शेवटी रक्ताची टीएसएच तपासणी केली, थायरॉइड पार मंदावलं होतं. ऑपरेशनमध्ये थायरॉइडचा अर्धा भाग गेला होता, उरलेल्यावर शेक झाले होते. या दोन्ही गोष्टी झालेल्या पुष्कळ लोकांना हे होतं. गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याने, चहा निदान अर्ध्या तासाने. महिना-दीड महिन्यात माणूस परत आला. तुम्ही सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच करून घ्याच, डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण द्या. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत बोटांना, ओठांभोवती मुंग्या आल्या, हात वाकडे होऊ लागले, तर ते कॅल्शियम कमी झाल्याचं लक्षण, त्याच दिवशी सांगा.

मन खरंच खचतंही. लिलावात हजार माणसांना ऐकू जाणारा माणूस घरात खूण करून मीठ मागतो, ते सोपं नाही. त्याचं वाक्य त्याला पूर्ण लिहू द्या. अर्ध्यावर ओळखून उत्तर देऊ नका, मी ती चूक पुष्कळ दिवस केली.

घरातल्या बाकीच्या गोष्टी

वास येत नाही, म्हणून गॅसचा रेग्युलेटर रात्री घरातल्या दुसऱ्या माणसाने बंद करायचा आणि ह्यांना एकट्याला शेगडीपाशी सोडायचं नाही. ओठ मिटून आतल्या आत जांभई द्यायची, जबडा खाली, जीभ खाली, पुन्हा पुन्हा, त्याने नाकात थोडी हवा खेळते आणि वास परत येऊ लागतो. ह्यांना तीन महिन्यांनी संत्र्याच्या सालीचा वास आला. पण भिवापुरी मिरचीची फोडणी वास न येताही छातीत जाते, तेव्हा त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा. अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, टाल्कम पावडर, सगळं दूर.

अंघोळ बसून, छातीखाली मगाने, डोकं पुढे वाकवून वेगळं धुवायचं. पोहणं कायमचं बंद, अंबाझरी तलावाला काठावरूनच. धुळवडीला दार बंद. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक बघायला आम्ही जातो, पण धूर आणि गर्दीपासून लांब, ओळखीच्यांच्या गच्चीवरून.

श्वास रोखून धरता येत नाही, म्हणून जोर लावता येत नाही. भरलेलं सिलिंडर उचलायला सांगू नका, आणि पोट साफ राहील असं जेवण द्या. मानेतल्या गाठी काढल्या असतील तर खांदा उतरतो, हात डोक्यावर जात नाही. फिजिओथेरपी पहिल्या महिन्यात सुरू केली तर बरंच परत येतं. शेक झालेला जबडा असेल तर दात काढण्याआधी शेक देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. बिडी ह्यांनी सोडली, पण तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडायला आणखी वर्ष गेलं. घरात एकाने खाल्ला तरी दुसऱ्याला सुटत नाही, म्हणून मुलाचाही बंद करवला.

ऑक्सिजन कुठे लावायचा

२०२१ मध्ये ह्यांना ताप आणि दम लागला. जवळच्या एका छोट्या दवाखान्यात नेलं. तिथल्या मुलाने धावत येऊन ऑक्सिजनचा मास्क नाकातोंडावर बसवला आणि मानेवरचं कापड, सैल आहे म्हणून, नीट घट्ट बांधलं. त्याचा हेतू चांगला होता. ह्यांचे डोळे मोठे झाले. मी मास्क ओढून मानेवर धरला आणि ओरडले, "इथून श्वास घेतात हे, इथून!" त्यानंतर मी मुलीकडून तीन कार्डं छापून घेतली, एक खिशात, एक गाडीत, एक फाइलवर. त्यावर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे : माझं स्वरयंत्र पूर्ण काढलं आहे. मी फक्त मानेतून श्वास घेतो. ऑक्सिजन मानेवर द्या. तोंडातून नळी घालू नका. तोंडाने श्वास देऊ नका, मानेच्या छिद्रातून द्या. खाली रक्तगट, औषधं आणि माझा नंबर. लहान मुलांचा गोल मास्क छिद्रावर बरोबर बसतो, तो घरी ठेवा.

रात्री कुठे जायचं, हे आधी ठरवून ठेवा. नागपुरात मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, मानेवाडा रोडवर राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मिहानला एम्स. जिथे ऑपरेशन झालं तिथला रात्रीचा नंबर फ्रिजवर चिकटवा. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसत असाल, तर रेशनकार्ड-आधारच्या झेरॉक्स फाइलमध्येच ठेवा आणि दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी गाठा.

आमच्या दाराच्या मागे खिळ्याला एक पिशवी टांगलेली असते. तिच्यात सलाईनच्या छोट्या बाटल्या, दोन सिरिंज, बोथट चिमटा, धुतलेली जास्तीची नळी आणि तिची नाडी, लाल रबरी नळी, छोटा मास्क, चार मलमलची कापडं, पाटी आणि पेन्सिल, कार्ड, टॉर्च. टॉर्चचे सेल मी दर महिन्याच्या एक तारखेला बदलते, चालू असले तरी.